गट्टूच्या वाटेनं नाग नदीकाठी: सेमिनरी हिल्स ते पावनगाव

नागपुरात पायी चालायला एक सलग, लांबलचक वाट नाही. तुकडे आहेत. सेमिनरी हिल्सवर एक, फुटाळ्याच्या काठानं एक, अंबाझरीला दोन-तीन आणि मग नाग नदीला लागून वस्त्यांमधून जाणाऱ्या गल्ल्या. हे तुकडे जोडत पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे पाण्याच्या उतारानं पूर्वेकडच्या पावनगावपर्यंत चालत जायचं, ही कल्पना माझ्या मामांची. मामा पाटबंधारे खात्यात होते आणि नोकरीची बरीच वर्षं त्यांनी गोसीखुर्द धरणावर काढली. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत जाते आणि वैनगंगा गोसीखुर्दला अडवलेली आहे.

"तिथं जलपर्णी माजली की लोक आम्हालाच विचारत, साहेब, ही घाण कुठून आली? मी म्हणायचो, आमच्या नागपूरहून. आता एकदा पायानं जाऊन पाहू, कुठून कुठून येते ते," असं म्हणून त्यांनी जुने कॅनव्हासचे जोडे बाहेर काढले. मी जानेवारीत पुण्याहून माहेरी आले होते आणि मला फक्त चालायचं होतं.

शुक्रवार: सेमिनरी हिल्स, तेलंगखेडी, फुटाळा

सकाळी साडेसहाला जॅपनीज गार्डनजवळ उतरलो तेव्हा धुक्यात झाडांचे शेंडे गायब होते. नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक असतो. जानेवारीतली इथली पहाट किती बोचते, हे मात्र बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही. मामांनी कानटोपी, मफलर आणि वर स्वेटर अशी तयारी केली होती. शेजारून एक आजोबा अर्ध्या बाह्यांच्या बनियनवर धावत गेले. मामा म्हणाले, "एअरफोर्सचा असेल." वायुसेनानगर इथून जवळच आहे, त्यामुळे अंदाज चुकीचा नसावा.

वर चढणारा रस्ता रुंद आहे आणि कडेची गट्टूची, म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांची, पट्टी चालायला चांगली आहे. झाडांच्या मुळांनी गट्टू उचलले आहेत तिथं तेवढं खाली पाहून चालायचं. फिरायला येणाऱ्यांचा इथं एक स्वतंत्र समाज आहे. हास्यक्लबचं एक टोळकं गोल करून उभं होतं, त्यातल्या एका काकांनी आमच्या पाठीवरच्या पिशव्या पाहून विचारलं, "कुठं चालले, भाऊ?"

"पावनगावले."

"पायी? तिकडे तर ट्रक जाते, माणूस काहून जाते?"

यावर सगळा क्लब हसला, आणि ते हसणं त्यांच्या व्यायामातल्या हसण्यापेक्षा कितीतरी बरं होतं.

पायाखालचा खडक काळा, बसाल्टचा. मामांना दगड दिसला की थांबायची सवय. त्यांनी हिस्लॉपची गोष्ट काढली. हिस्लॉप कॉलेजचं नाव ज्याच्यावरून, तो स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपूरला आला. धर्मप्रचारासोबत त्यानं या भागातले खडक आणि टाकळीच्या बाजूचे जीवाश्म यांचा इतका बारीक अभ्यास केला की मध्य भारताच्या भूगर्भशास्त्रात त्याचं नाव कायमचं लागलं. 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना फुगलेल्या ओढ्यात तो बुडाला. "खडक वाचता येत होते त्याला. ओढ्यानं दगा दिला," मामा म्हणाले. "विदर्भातला नाला बारा महिन्यांपैकी अकरा महिने गरीब असतो, म्हणून लोक फसतात."

बालोद्यानाशी आल्यावर मला वनबाला आठवली. आमच्या लहानपणी इथं झाडांतून फिरणारी छोटी आगगाडी होती, आणि रविवारी तिच्यासाठी रांगेत उभं राहताना आईनं दिलेला डबा रांगेतच संपायचा.

तेलंगखेडीच्या हनुमान मंदिराच्या उतारावर भूक लागली. तर्री पोह्यांचा ठेला गर्दीवरून ओळखावा, पाटीवरून नाही. जिथं लोक प्लेट हातात घेऊन रस्त्यावरच उभे आहेत, तिथं थांबायचं. पोहे वाफवलेले, मऊ; त्यावर चण्याची लालभडक तर्री, कच्चा कांदा, शेव आणि सांबार. (पुण्याच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीसोबतचं सांबार शोधत बसू नका.) ठेलेवाल्या दादांनी मला "तर्री कमी टाकू का ताई?" असं विचारलं. माहेरात हा प्रश्न म्हणजे अपमान. मी डबल सांगितली आणि पुढची दहा मिनिटं नाक पुसत खाल्ली. एक सांगून ठेवते: दहानंतर गेलात तर तळाची, आटलेली तर्री मिळेल. नऊच्या आत गाठा.

फुटाळ्याला पोचेपर्यंत धुकं जाऊन ढग आले होते. भोसल्यांच्या काळातला हा तलाव. आता एका बाजूला प्रेक्षकांसाठी पायऱ्या आणि पाण्यात संगीत कारंज्याचा पसारा आहे. तो मला आवडला नाही. मामांना मात्र त्यातल्या पंपांची चौकशी करायची होती. दुसऱ्या बाजूला, जिथं झाडं पाण्यापर्यंत येतात, तिथं वारकरी पक्ष्यांची काळी रांग तरंगत होती आणि एक राखी बगळा इतका स्थिर होता की एका पोरानं तो खरा आहे का पाहायला खडा टाकला. बगळा उडाला. पोराला त्याच्या आजीनं एक धपाटा दिला.

तेवढ्यात मावठ्यानं गाठलं. अंदाजात पाऊस नव्हता. आम्ही पळत एका भुट्ट्याच्या गाडीच्या ताडपत्रीखाली शिरलो. गाडीवाल्या मावशींनी शेगडी आत ओढली आणि आम्हाला बसायला उलटं क्रेट दिलं. संत्र्याचा मृग बहार झाडावर आहे, गारा पडल्या तर काही खरं नाही, असं त्या सांगत होत्या. त्यांच्या भावाची काटोलकडे बाग आहे. मामांनी लगेच ठिबकची चौकशी केली. पाऊस अर्ध्या तासात थांबला, गारा पडल्या नाहीत, आणि मावशींनी दुसऱ्या भुट्ट्याचे पैसे घेतले नाहीत. "पाहुणे आहा तुमी," म्हणाल्या. मामा नागपूरचेच आहेत हे मी सांगितलं नाही.

शनिवार: शेतं, अंबाझरी, आणि पुराच्या खुणा

फुटाळ्याहून अमरावती रोडकडे येताना शहराच्या मधोमध चक्क शेतं लागतात. ही कृषी महाविद्यालयाची जमीन. आदल्या दिवशीच्या पावसानं मातीला वास सुटला होता, आणि तुरीच्या ओळींवर ऊन पडलं होतं. पुण्यात आम्ही असा वास घ्यायला दोन तास गाडी चालवतो. इथं फुटपाथ अधूनमधून बेपत्ता होतो, तेव्हा उजवीकडून, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं चालावं. अमरावती रोड ओलांडणं हा या वाटेतला सगळ्यात अवघड भाग. सिग्नलपर्यंत जा, मधूनच घुसू नका.

अंबाझरी तलाव 1870 चा. शहराला पाणी देण्यासाठी बांधला, भोवती आंब्याची झाडं होती म्हणून हे नाव. नाग नदी लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून निघून या तलावात येते आणि सांडव्यावरून पुढे शहरात उतरते. तलावाच्या मागच्या अंगाला वनखात्याचं जैवविविधता उद्यान आहे. तिथं सायकली भाड्यानं मिळतात आणि चालायला लांब वाटा आहेत. आमची सगळ्यात शांत सकाळ तिथं गेली. गवताळ माळ, मध्ये बाभळी, हिवर, पळस. पळस अजून फुलला नव्हता, कळ्या काळ्या मखमलीच्या. मोराचा आवाज तीन दिशांनी येत होता आणि मोर एकही दिसत नव्हता. गवतातून टिटवी ओरडत उठली तेव्हा मामा दचकले आणि मग टिटवीला रागावले.

उद्यानातल्या एका वनमजुराशी गप्पा झाल्या. त्याला बिबट्याबद्दल विचारलंच. 2021 च्या उन्हाळ्यात गायत्रीनगर, आयटी पार्कच्या बाजूला बिबट्या दिसला होता आणि अख्खं पश्चिम नागपूर गॅलरीत उभं राहून झुडपांकडे पाहत होतं. तो म्हणाला, "त्याले रस्ता नाई लागत ताई, नाला लागते. नाल्यानाल्यानं तो कुठंबी जाते." मामांनी माझ्याकडे पाहिलं. आम्हीही तेच करत होतो.

पाण्याची बाटली आणि खाणं बरोबर घ्या, आत फारसं काही मिळत नाही. आणि कान उघडे ठेवा, इयरफोन घालून इथं चालणाऱ्यांची मला कीव आली.

सांडव्यापाशी मामा बराच वेळ उभे राहिले. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, तलाव भरून वाहिला आणि खालच्या वस्त्या झोपेत असतानाच पाण्यात गेल्या. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, पुढे सीताबर्डीतलं मोरभवन बसस्थानकसुद्धा. मामांचं म्हणणं सरळ होतं: सांडवा म्हणजे धरणाचं तोंड. त्याच्यासमोर आणि त्याच्या खालच्या पात्रात काहीही बांधायचं नसतं, अगदी चांगल्या हेतूनंसुद्धा.

डागा लेआउटमध्ये एका घराच्या फाटकाशी एक काकू तुळशीला पाणी घालत होत्या. आम्ही भिंतीवरची तपकिरी रेघ पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं. "रंग मुद्दाम नाही दिला तिथं," त्या म्हणाल्या. "पहाटे पलंगावरून पाय खाली टाकला तर पाण्यात. फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. आणि आमचे हे, आधी लोणच्याच्या बरण्या वर नेऊन ठेवून राहिले!" आतून आवाज आला, "बरण्याच वाचल्या ना?" मग आम्हाला आत बोलावून त्या वाचलेल्या बरण्यांमधलं लिंबाचं लोणचं आणि पुडाची वडी खायला दिली. सांबाराचं सारण भरलेली, बाहेरून खुसखुशीत. सांबारवडीही म्हणतात तिला. त्या वडीसाठी मी पुन्हा चालत जाईन. मामा सारखे घड्याळ पाहत होते, तरी तिसरी वडी त्यांनीच उचलली.

इथून पुढे नदी उत्तर अंबाझरी मार्गाच्या मागून जाते आणि डोक्यावर मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन. ही या सगळ्या भ्रमंतीतली सोय आहे. सुभाषनगर, धरमपेठ कॉलेज, एलएडी चौक, शंकरनगर, झाशी राणी चौक अशी स्टेशनं ओळीनं लागतात. पाय थकले की वर चढा आणि घरी जा. सुभाषनगर ते धरमपेठ कॉलेज हा प्रवास पाण्याच्या बाजूच्या खिडकीपाशी उभं राहून करावा, अख्खा तलाव दिसतो. नदीला लागून सलग चालता मात्र येत नाही. कुठं संरक्षक भिंत, कुठं कुणाचं कुंपण, कुठं बांधकाम. दर पुलावर जाऊन वाकून पाहायचं आणि पुन्हा रस्त्यावर यायचं, असं आम्ही झाशी राणी चौकापर्यंत गेलो. पंचशील चौकाच्या पुलावर एक पोलीसदादा आमच्याकडे संशयानं पाहू लागले. मामांनी स्वतः जाऊन त्यांना नदीची रुंदी कशी कमी झाली आहे ते समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काकाजी, तुमी फक्त कठड्यापासून दूर राहा."

रविवार: मोक्षधाम ते पावनगाव

पश्चिमेला मिळाल्या तशा गट्टूच्या पट्ट्या, बाकं, दिवे या बाजूला जवळजवळ नाहीत. नदी तीच आहे, उलट मोठी होत जाते.

मोक्षधामाच्या घाटाजवळून आम्ही लवकर पुढे निघालो. एक अंत्ययात्रा येत होती. तिथून थोडी वाट वाकडी करून गांधीसागरला गेलो. गोंड राजा चांद सुलतानच्या काळातला हा जुम्मा तलाव. समोर रमण विज्ञान केंद्र. काठावरच्या चहाच्या टपरीवर खर्रा घोटणारा मुलगा होता. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून पाटीवर घासण्याचा तो आवाज म्हणजे नागपूरच्या चौकांचं पार्श्वसंगीत. खर्रा खाणाऱ्यांना काही सांगून उपयोग नसतो. चालणाऱ्यांना एवढंच सांगते की या बाजूला फिकट रंगाचे जोडे घालू नका आणि थांबलेल्या बसच्या खिडक्यांखालून जाऊ नका.

अशोक चौकातून ग्रेट नाग रोडला लागलो. रविवार, दुपारचे साडेबारा, आणि हवेत सावजी मसाल्याचा वास. सावजी हे मुळात हलबा कोष्टी विणकरांचं जेवण, जवसाच्या तेलातलं. आम्ही एका भोजनालयात शिरलो, जिथं भिंतीवर पाट्यांऐवजी फक्त आज काय संपलं ते खडूनं लिहिलं होतं. मटण होतं. रस्सा काळपट, वर तेलाचा तवंग, पहिला घास साधा वाटतो आणि तिखट मागून येतं. सोबत ज्वारीची भाकर. मामा शनिवारी शाकाहारी असतात, त्याची सगळी भरपाई त्यांनी इथं केली. मांसाहार नको असेल तर पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा मागा. तो दुय्यम पर्याय अजिबात नाही. फक्त जेवल्यावर लगेच चालायचा बेत ठेवू नका. आम्ही शेजारच्या देवळाच्या ओट्यावर बराच वेळ बसलो, त्यात मामांना एक डुलकीही लागली.

जगनाडे चौक, नंदनवन, हिवरीनगर. इथं नदी काळी आहे, आणि वाऱ्याची दिशा बदलली की वास थेट येतो. रुमाल किंवा मास्क ठेवा. नदीकाठच्या घरांची मागची दारं पाण्याकडे उघडतात, तिथं बायका धुणं वाळत घालत होत्या. एका आजींना मामांनी विचारलं, पूर्वी कशी होती नदी? त्या म्हणाल्या, "लगन होऊन आली तवा इथंच भांडे घासत होतो आमी. आता पोरगं चेंडू गेला तरी आणत नाई." उन्हाळ्यात महापालिका पोकलेन लावून नाग, पिवळी आणि पोहरा या तिन्ही नद्यांतला गाळ काढते, तेव्हा थोडे दिवस पात्र मोकळं दिसतं, असंही त्यांनी सांगितलं. मग पाऊस, मग पुन्हा तेच.

भांडेवाडीच्या बाजूला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. तिथलं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, आणि ही गोष्ट मामांनी मला तीनदा सांगितली, कारण या विषयात त्यांना अभिमान वाटावा अशी ती एकच होती. "जे नळानं जाते ते कामाचं होते. जे नदीनं जाते ते माझ्या धरणात."

पारडी ओलांडली तशी घरं विरळ झाली. ट्रक मात्र खरंच जात होते. हास्यक्लबच्या काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटचा भाग धुळीचा आहे आणि त्यात सावली नाही, म्हणून तो चारनंतर करावा. पावनगावच्या बाजूला उत्तरेकडून पिवळी नदी येते. ती गोरेवाडा तलावातून निघालेली, म्हणजे सेमिनरी हिल्सच्या पलीकडून. आम्ही एका टेकडीच्या दोन अंगांचं पाणी इथं भेटताना पाहायला आलो होतो आणि ते प्रत्यक्षात फारसं देखणं नव्हतं: दोन करडे प्रवाह, पांढरा फेस, प्लास्टिक अडकलेल्या बाभळी. पण वर शेवाळी ओलीवर शराटी पक्ष्यांचा मोठा थवा चोची खुपसून चरत होता. मला त्याचं आश्चर्य वाटलं, मामांना नाही.

काठावर एक शेतकरी पालकाच्या जुड्या बांधत होता. पंप नदीतच सोडलेला. मामांनी विचारलं, भाजी कशी येते या पाण्यावर? "जोरदार येते! खत टाकाच नाई लागत." त्यानं कौतुकानं दोन जुड्या पुढे केल्या. मामांनी त्या घेतल्या, पैसे दिले, धन्यवाद म्हणाले आणि पिशवीत ठेवल्या.

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "मामींना द्यायची का ही भाजी?"

"वेडी झाली का? पण त्याच्यासमोर नाही कसं म्हणू?"

ऑटोनं प्रजापतीनगर मेट्रो स्टेशनला आलो. ऑटोचं भाडं आधी ठरवा, तिथं रिकामी ऑटो क्वचित मिळते आणि चालकाला ते ठाऊक असतं. स्टेशनच्या दारात सुरक्षारक्षकानं मामांच्या जोड्यांकडे पाहून, "काकाजी, आधी चिखल झाडून या," म्हणून बाहेर पाठवलं. तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी गेली, पडद्यावर पालकाच्या जुड्या दिसल्या, आणि पलीकडच्या ताईनं विचारलं, "कितीला घेतली?"

ज्यांना यातला थोडाच भाग करायचा आहे त्यांच्यासाठी: लहान मुलं आणि वयस्कर असतील तर सेमिनरी हिल्स ते फुटाळा पुरे. पक्षी पाहायचे असतील तर जैवविविधता उद्यान, पण सूर्य वर यायच्या आत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून इतर महिन्यांत पूर्वेकडचा टप्पा नको. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलात तर पळस फुललेला मिळेल. मामा आता पिवळी नदी गोरेवाड्यापासून धरायची म्हणतात आणि या खेपेला मामीही येणार आहेत, डबा घेऊन.